चार नंबर

चार नंबरचे पाहुणे अकराला उठतात.
तोवर मी ट्रॉलीला टेकून व्हरांड्यात.
व्हरांडा आधी नव्हता, इथून बंड्या आत शिरायच्या,
बैल, शेण, सरकीचा तेलकट वास,
आणि मुकादमाच्या वहीत अंगठा द्यायला थांबलेल्या बाया.

चार नंबर म्हणजे चौथा रेचा.
फरशीत त्याच्या बोल्टांची भोकं आहेत अजून.
आर्किटेक्ट बाईंनी त्यांत पितळ ओतून घेतलं,
लोक वाकून फोटो काढतात.
त्या पितळी टिकल्यांच्या मधोमध
माझी माय, पंचफुला किसन भोयर,
दिवाळी ते होळी, एकोणीस हंगाम उभी होती.
तिथं आता बाथटब आहे.

हॉटेलचं नाव रुईघर. फाटकापाशी दगडावर कोरलंय:
‘इथली शांतता अनुभवा.’
मायला सांगितलं तर हसता हसता तिला खोकला आला.
“बापा, इथं? इथं तं कानात बोटं घातली
तरी आवाज दातातून आत जाये.”

रेचे सुरू झाले की माणसाला माणूस ऐकू यायचा नाही.
म्हणून बाया ओठांनी बोलायच्या,
आवाज न काढता, तोंड मोठं करून,
रेच्यापलीकडे, गठाणींच्या वरून:
मुकादम आला.
पोर रडून राहिलं, पाजून ये.
आज मजुरी नाही भेटत.
कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं, तेही.
माय घरी अजून तशीच बोलते.
माझा धाकटा म्हणतो, आजी म्यूटवर आहे.

मी तिच्या तोंडाकडे बघतच मोठी झाले.
शाळेत बाईंनी खडू घेऊन फळ्याकडे तोंड केलं
की मला धडा कळायचा नाही.

बेडवरची चादर मिसरी कापसाची.
दोन बोटांत धरून पाहिली, खोटं कशाला बोलू, मऊ आहे.
खिडकीतून भोंगळ्यांची पऱ्हाटी दिसते,
वेचायला आलेली, बोंडं लोंबलेली.
आणि दर दोन-चार दिवसांनी
सागवानी तुळईच्या फटीतून
जुन्या रुईचा एक पुंजका सुटतो,
करडा, हलका,
नि नेमका उशीवर येऊन बसतो.
तीनदा व्हॅक्यूम झालं, फटींत पुट्टी भरली.
वाहिद मिस्त्री शिडीवरून उतरले
आणि दाढीतले तंतू काढत म्हणाले, हे नाही संपत.
वहीत कारण लिहायचं असतं.
मी लिहिते: धूळ.
पुंजका घरी नेत नाही, मायचा खोकला त्याचाच आहे.
ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात
संपलेल्या शांपूच्या बाटलीत ठेवते.
तिसरी बाटली भरत आली.

आज ऑफिसच्या काचेआड तन्मय सर फोनवर होते.
काच जाड. बाहेर फक्त एसीचं घुं घुं.
त्यांचे ओठ म्हणाले: मार्चनंतर लॉण्ड्री नागपूरला देऊ.
ओठ म्हणाले: सहाजणी.
मग त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला.
मीही हलवला.

जिथं कापसाची गंजी लागायची तिथं निळं पाणी आहे.
पाण्याच्या अलीकडे मी, पलीकडे
शेवंता टॉवेलांच्या घड्या घालत,
मध्ये दोन पाहुणे उताणे, डोळे मिटून,
शांतता अनुभवत.
मी तोंड मोठं केलं.
मार्च. लॉण्ड्री. सहा.
शेवंताची सासू प्रेसवर होती,
तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.
तिनं घडी अर्धवट टाकली, वळली
किचनच्या दाराशी उभ्या बेबीनंदाकडे,
आणि बेबीनंदा आत.

चार नंबरची घंटी वाजली.
त्यांना अजून दोन उशा पाहिजेत.